जुनं सामान चॅरिटी शॉपला किंवा संस्थेला देतानाचे तुमचे अनुभव

रेवा_युके:
काल इथे हाय स्ट्रीटवरून जाताना चॅरिटी शॉपच्या (लोकांनी दिलेलं सामान विकून संस्थेसाठी पैसे उभे करणारं दुकान) काचेत पुतळ्याच्या खांद्यावर चक्क जांभळी इरकल सोडलेली दिसली आणि पाय तिथेच थांबले. आई गेल्यावर तिचं कपाट आवरलं ते सगळं आठवलं. साड्या आम्ही बहिणींनी वाटून घेतल्या, पण पितळी डबे, स्वेटर, शिवणाचं मशीन, हे पुण्यात कुणाला द्यायचं तेच कळेना, महिनोन् महिने घर अडून राहिलं होतं. इथे त्या मानाने सोपं आहे, कॅन्सर संशोधनवाल्यांचं नाहीतर हॉस्पिसचं (शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) दुकान असतंच जवळपास. ऑक्सफॅमचं ऑक्सफर्डमधलं ब्रॉड स्ट्रीटवरचं तर १९४७-४८ पासूनचं. इथे टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भराच. आपल्या पिशवीवर स्टिकर लागतो, वस्तू विकून आलेल्या दर पौंडामागे सरकार संस्थेला आणखी २५ पेन्स देतं, आणि किती जमले ते नंतर आपल्याला कळवतात. ती ईमेल आली की मला फार बरं वाटतं. तुमचे पण लिहा, कुठलेही.

सांगलीकर:
२०१९ चा पूर. शाळेच्या एका वर्गात आलेल्या कपड्यांचा ढीग, फाटके, मळके, चमकीचे पार्टी ड्रेस, एकाच पायाचे बूट. ज्यांचं घर पाण्यात गेलेलं त्या बायका त्यात धड परकर शोधत होत्या आणि तो मिळत नव्हता. खरं तर हवं होतं टॉवेल, चादरी, आतले कपडे (नवे!!), कोरडी सतरंजी. मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. आपण स्वतः चारचौघांत घालू तेच द्या हो. धुऊन, बटणं लावून, चपलांची जोडी सुतळीने बांधून.

मनूची_आई:
अगदी अगदी. आमच्या इथल्या माणुसकीच्या भिंतीखाली पण पावसात भिजलेले गठ्ठे पडलेले असतात, बघवत नाही. कुकर लावलाय, नंतर लिहिते

चाफेकळी:
सांगलीकर, २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत हेच झालेलं, कपडे रस्त्याच्या कडेला पडून. गूंजने ते उचलून, निवडून मार्गी लावले. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली संस्था, २०१५ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. मला त्यांचं सगळ्यात काय पटतं तर गावातले लोक मिळून विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात, तळं साफ करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे-भांडी घरी नेतात, कुणाला हात पसरावा लागत नाही. आणि अगदी विरलेल्या सुती कापडाचे पॅड शिवतात त्यामुळे सुती साड्या, चादरी अजिबात टाकू नका, धुऊन द्या. मी दिवाळीच्या साफसफाईत वेगळी पिशवीच ठेवते.

पेठेतला:
बोहारणीला विसरलात सगळे! आमच्याकडे यायची तिची आणि आईची एका पातेल्यावरून तासभर घासाघीस चालायची, मग चहा, मग मुलांच्या चौकश्या. जरीची साडी निघाली की आईचा भाव वाढायचा. ते कपडे दुरुस्त होऊन परत कुणाच्या तरी अंगावर जायचे, त्यावर तिचं घर चालायचं. मला अजूनही वाटतं की आपल्याकडे तीच खरी व्यवस्था होती. आता सोसायटीचा वॉचमन तिला आत सोडत नाही, ह्याचं फार वाईट वाटतं. पुण्यातल्यांसाठी, स्वच्छ संस्थेचं व्ही-कलेक्ट असतं, कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, जुने कपडे, फर्निचर, ई-कचरा घेतात, तारखा बघून जा.

जर्सीवाली_मावशी:
इथे अमेरिकेत आलो तेव्हा आमचं पहिलं डायनिंग टेबल, ताटल्या, मुलाची सायकल सगळं गुडविलचं, म्हणजे इथल्या चॅरिटी शॉपचं. १९०२ साली बॉस्टनमध्ये हेल्म्स नावाच्या पाद्रींनी सुरू केलं, लोकांकडून जुनं गोळा करायचं आणि गरजूंना ते दुरुस्त करायचं काम द्यायचं, आजही विक्रीतून नोकरीचं प्रशिक्षण वगैरे चालतं. आता आम्ही देतो. गाद्या घेत नाहीत, आधी वेबसाइट बघा नाहीतर गाडीतून परत आणायची वेळ. पावती बहुतेकदा कोरी देतात, यादी आणि किंमत आपण लिहायची, इटमाइज करणाऱ्यांनाच (म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवणाऱ्यांनाच) टॅक्समध्ये उपयोग.

रेवा_युके:
हो मावशी, इथे सोफ्याखालचं आगीच्या सुरक्षेचं लेबल कापलेलं असेल तर चांगला सोफासुद्धा घेत नाहीत. ते लेबल कुणीही कापू नका प्लीज

नाशिकचा_निनाद:
बाबा जानेवारीत गेले. वॉकर, कमोडची खुर्ची, फाउलर बेड (डोक्याकडून-पायाकडून वर करता येणारा हॉस्पिटलचा पलंग), एअर बेड खोलीत तसंच होतं, आई त्या खोलीत जाईना. गावातल्या रुग्णसाहित्य केंद्राला फोन केला, टेम्पो घेऊन आले. डिपॉझिट ठेवून महिन्याच्या नाममात्र भाड्याने देतात तिथे. बेड लगेच कुणाकडे तरी गेला म्हणे. आईने विचारलं, कोण आहेत, त्यांना बरं वाटतंय का.

चाफेकळी:
निनाद, आईंना नमस्कार सांग. जेवतात ना नीट?

नाशिकचा_निनाद:
हो ताई, आता बहीण आलीय राहायला. तिच्या हातचं खाते 🙏

पेठेतला:
रेवा, मशीनचं काय झालं शेवटी? पायाचं होतं का?

रेवा_युके:
पायाचं दादा. शेजारच्या काकूंनी वस्तीतल्या शिवणवर्गाला मिळवून दिलं. तिथल्या बाईंनी पट्टा बदलून घेतला, मुली त्यावर ब्लाउज शिकतात, काकू फोटो पाठवतात अधूनमधून.

मनूची_आई:
आले परत. कुणी सांगा ना, तीन लिटरचा जुना कुकर आहे, चांगला आहे, पण रिंग सैल झालीय. असाच देऊ का?

जर्सीवाली_मावशी:
नको गं, आधी नवी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घाल, फार पैसे लागत नाहीत. एकदा वरण लावून बघ, मगच दे. शिट्टी आत ठेव आणि झाकण सुतळीने बांध, नाहीतर वाटेत हरवते.