ध्वज दिन नक्कल आहे का?

एका दादांनी लिहिलंय की ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन, म्हणजे छोटे झेंडे देऊन सैनिकांसाठी निधी गोळा करायचा दिवस, ही इंग्रजांची नक्कल. मूळ तिकडचं, हे मान्य. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहिलं महायुद्ध थांबलं, आणि पुढं त्या तारखेला कागदी पॉपीची (खसखशीची) फुलं देऊन इथंही निधी गोळा व्हायचा. पण गोम अशी की तो पैसा मुख्यतः ब्रिटिश माजी सैनिकांसाठी असायचा, आपल्या सैनिकांना थोडाफार वाटा. आणि त्याच महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपाशी अडकलेल्यांत मराठा पलटणीही होत्या की!

म्हणून स्वातंत्र्यानंतर तारीख बदलली, हे माझ्या मते बरंच झालं. २८ ऑगस्ट १९४९ ला संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं ७ डिसेंबर ठरवला. झेंड्यावरचा लाल पट्टा भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिका निळा हवाई दलाचा. १९९३ मध्ये वेगवेगळे निधी एकत्र करून ध्वज दिन निधी झाला. शहिदांची कुटुंबं, जखमी जवान, माजी सैनिक, सगळं त्यात येतं.

आपल्याकडं शाळेत गुरुजी झेंड्यांचा गठ्ठा आणायचे, टाचणीनं खिशाला लावायचा आणि मधल्या सुट्टीत हरवायचा. पैसे कुठं जातात, कुणी सांगितलंच नाही. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत मात्र हे सांगायची गरज पडत नसावी, तिथं घराघरात फौजी.

वर्गणी द्यायची असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या, आणि पावती मागून घ्या.