मदत हवी आहे: ठेकेदाराच्या बिलात तीन वेगळे किलोमीटर, सोमवारी आयुक्तांपुढे टिपणी ठेवायची आहे

प्रभारी_परिवहन | शुक्रवार, रात्री ९.१४
महिन्यापूर्वी महापालिकेच्या बससेवेत परिवहन व्यवस्थापक पदाचा अतिरिक्त कार्यभार आला. मूळ खातं मालमत्ता कर. ठेकेदाराची दोन महिन्यांची देयकं थांबली आहेत आणि मंगळवारपासून गाड्या बंद ठेवणार अशी नोटीस त्याने आज दिली. मागच्या ३० दिवसांच्या महिन्याचं देयक २,२१,३०० किमीचं आहे. व्हीटीएसचा (गाडीचा उपग्रहावरून माग ठेवणाऱ्या यंत्रणेचा) रिपोर्ट २,०३,७०० दाखवतो. वेबिलांची (वाहकाच्या रोजच्या फेऱ्यांच्या नोंदपत्रांची) बेरीज १,९८,२०० येते. लेखा विभाग म्हणतो सगळ्यात कमी आकडा धरा, ठेकेदार म्हणतो गाडीचं मीटर बघा. सोमवारी ११ वाजता आयुक्तांकडे टिपणी आहे. खरा आकडा कोणता धरायचा? कृपया थेट सांगा, वेळ नाही.

चौथा_गिअर | रात्री ९.३१
थेट सांगता येणार नाही, कारण मुख्य माहितीच दिलेली नाही. करार जीसीसी आहे का, म्हणजे ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे आणि तिकिटाचं उत्पन्न उपक्रमाचं? गाड्या किती, त्यातल्या रोज निघतात किती? वाहक तुमचे की त्याचे? प्रतिदिन हमी किलोमीटर, म्हणजे किमान इतके चालवून घेऊ असं कबूल केलेले, किती? डेड किलोमीटर (आगार ते पहिला थांबा आणि परत, रिकामं अंतर) देय आहेत की नाहीत?

वेबिल_वाचा | रात्री ९.४०
तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. गाडीचं मीटर चाकाचे फेरे मोजतं. व्हीटीएस यंत्राने पाठवलेल्या दोन ठिकाणांच्या नोंदींमधलं सरळ अंतर जोडत जातं. वेबिल म्हणजे वाहकाने नोंदवलेल्या फेऱ्या गुणिले मार्गाची ठरलेली लांबी, त्यात आगारातून पहिल्या थांब्यापर्यंतचं रिकामं अंतर धरलेलंच नसतं. त्यामुळे 'सगळ्यात कमी आकडा धरा' ही लेखा विभागाची सूचना मान्य केलीत तर उद्या लवादात टिकणार नाही.

प्रभारी_परिवहन | रात्री ९.५८
जीसीसीच आहे. ५० गाड्या, रोज सरासरी ३८ निघतात. तिकिटाचं उत्पन्न आपलं, वाहक आपले, चालक आणि दुरुस्ती त्याची. हमी २०० किमी प्रति गाडी प्रतिदिन. डेड किलोमीटरचं बघून सांगतो, करार कार्यालयात आहे.

स्वतःचा_ताफा | रात्री १०.०५
करारच रद्द करा. किलोमीटरमागे पैसे दिले की हे होणारच. उपक्रमाने स्वतःच्या गाड्या, स्वतःचे चालक ठेवले तर बिलाचा वादच उरत नाही.

चौथा_गिअर | रात्री १०.१७
@स्वतःचा_ताफा, मंगळवारी सकाळी ३८ गाड्या कुठून आणणार? दोन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरली तर एका गाडीला साधारण अडीच चालक लागतात, म्हणजे ९५ चालक. शिवाय वर्कशॉप, सुट्या भागांचं भांडार, मेकॅनिक. आकृतिबंधात (महापालिकेच्या मंजूर पदांच्या आराखड्यात) पदं मंजूर करून घेण्यातच वर्ष जाईल.

स्वतःचा_ताफा | रात्री १०.२६
मंगळवारबद्दल बोलतच नाहीये. पण दर दोन वर्षांनी हाच प्रश्न येतो. स्वतःचं वर्कशॉप बंद केलेल्या उपक्रमाला ठेकेदाराशी घासाघीस करताना काही जोरच राहत नाही. निदान १५ गाड्या स्वतःच्या हव्यात, एवढं टिपणीत लिहा.

ई_बस_समर्थक | रात्री १०.३३
पीएम ई-बस सेवा योजनेत अर्ज करा. केंद्राची मदत १२ मीटर गाडीला किमीमागे २४ रुपये, ९ मीटरला २२, ७ मीटरला २०, दहा वर्षांपर्यंत. शिवाय ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने बॅटरीवरच्या गाड्यांना परवान्यातून सूट आहे, त्यामुळे परिवहन प्राधिकरणाच्या फेऱ्याही वाचतात.

वेबिल_वाचा | रात्री १०.४१
तीही जीसीसीच आहे साहेब. किलोमीटर मोजायची पद्धत बसवली नाही तर डिझेलच्या जागी बॅटरी येईल आणि वाद तोच राहील. परवाना नसला तरी योग्यता प्रमाणपत्र आणि विमा लागतोच, हेही सांगा.

हमी_किमी | रात्री १०.५२
एक धोका कुणीच बोललं नाही. ३८ × २०० × ३० म्हणजे २,२८,००० हमी किमी. त्याचं देयक त्याहून कमी आहे. तुमच्या वेबिलाप्रमाणे एक गाडी रोज १७४ किमी मार्गावर चालली. उरलेलं अंतर का चाललं नाही हे आधी शोधा. वेळापत्रकच तुम्ही १८० चं दिलं असेल तर तो न वापरलेल्या किलोमीटरच्या कलमाखाली वेगळी मागणी करू शकतो, करारात लिहिलेल्या टक्क्याने. वेळापत्रक २०० चं होतं आणि त्याच्या गाड्या वाटेत बंद पडल्या असतील तर उलट तुम्ही त्याला दंड लावू शकता. आणि हमी रोजची, महिन्याची की वर्षाची सरासरी, हेही कलमात बघा.

ज्या १२ गाड्या त्याने दिल्याच नाहीत त्यांचा दंड वेगळ्या तक्त्यात लावा. किलोमीटरच्या वादात तो मिसळला की काहीच सिद्ध होत नाही.

स्पर्धा_परीक्षा_२६ | रात्री ११.०२
मध्येच विचारतो, माफ करा. परिवहन व्यवस्थापक पदासाठी कुठली परीक्षा असते? पदवी कोणती लागते?

लेखा_निवृत्त | रात्री ११.१०
@स्पर्धा_परीक्षा_२६, स्वतंत्र परीक्षा नसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम ४० वाचा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी प्रतिनियुक्तीने किंवा उपायुक्तांकडे कार्यभार देऊन पद भरतात. पुणे आणि नाशिकला बससेवेसाठी कंपनी आहे, तिथली रचना निराळी.

मूळ प्रश्नाकडे येतो. किलोमीटरचा निकाल सोमवारपर्यंत लागणार नाही. म्हणून टिपणीत दोन भाग करा. वेबिलाचे १,९८,२०० किमी तुम्ही स्वतःच मान्य करता, म्हणजे तेवढी रक्कम निर्विवाद आहे. ती तात्पुरतं देयक म्हणून द्या, वर 'अंतिम समायोजनाच्या अधीन' असं स्पष्ट लिहा, टीडीएस आणि निश्चित झालेला दंड वजा करा. वादातले २३,१०० किमी संयुक्त तपासणीकडे पाठवा. रक्कम परिवहन निधीतून जाणार, तर निधीची आजची शिल्लक लेखाधिकाऱ्यांच्या सहीने जोडा. परिवहन समिती अस्तित्वात आहे की प्रशासक आहेत? मान्यता कुणाची घ्यायची ते त्यावर ठरेल.

जीएसटीचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. १२ पेक्षा जास्त प्रवाशांची गाडी राज्य परिवहन उपक्रमाला भाड्याने दिली तर अधिसूचना १२/२०१७ मधल्या नोंद २२ प्रमाणे करमाफी आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत महापालिकेचा उपक्रम येतो. देयकात कर लावलेला असेल तर आधी तो तपासा.

रोजची_प्रवासी | शनिवार, सकाळी ७.५२
तुमचा विषय वेगळा आहे, पण परिवहनचं कुणी वाचत असेल तर. आमच्या थांब्यावर सकाळची पहिली बस ॲपवर दिसतच नाही, 'बस उपलब्ध नाही' असंच येतं. म्हणून लोक रिक्षाने जातात, आणि मागून बस रिकामी येते. दुसऱ्या फेरीपासून सगळं नीट दिसतं. दुसऱ्या दोन शहरांतही असंच बघितलंय.

यंत्रशाळा | सकाळी ८.२०
@रोजची_प्रवासी ताई, तुमचा मुद्दा विषयाला धरूनच आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये व्हीटीएसचं यंत्र बॅटरीच्या मुख्य कटऑफ स्विचनंतरच्या वायरीवर जोडलेलं असतं. रात्री चालक स्विच पाडतो, यंत्राची आतली छोटी बॅटरी मेलेली असते, यंत्र पूर्ण बंद. पहाटे स्विच टाकल्यावर उपग्रह आणि मोबाइल नेटवर्क पकडायला त्याला काही मिनिटं लागतात, छपराखाली असेल तर जास्तच. तोवर गाडी आगारातून बाहेर. आगार ते पहिला थांबा आणि पहिल्या फेरीचा तुकडा रोज गळतो. वायर स्विचच्या आधी, फ्यूज टाकून घ्या.

@प्रभारी_परिवहन, व्हीटीएसमधून महिन्याची बेरीज न घेता गाडीवार, दिवसवार शून्य किमीचे दिवस काढा. आणि मीटरसाठी टायर बघा. २९५/८० आर २२.५ टायर नवा असताना व्यास साधारण १०४४ मिमी. खोबण १५ मिमीवरून ३ मिमीवर आली की त्रिज्या १२ मिमीने घटते, म्हणजे तेवढ्याच रस्त्याला चाकाचे फेरे सव्वादोन टक्क्यांनी वाढतात. मीटर जास्त दाखवतं, आणि त्यात चालकाची किंवा ठेकेदाराची लबाडी असायची गरज नाही.

प्रभारी_परिवहन | दुपारी १.४४
आगारात आहे. करार बघितला: आगार ते प्रथम स्थानक आणि परत, हे अंतर देय आहे. रोज एका गाडीचं सरासरी १२ किमी. व्हीटीएसमध्ये दोन गाड्या महिनाभर शून्य आहेत, आणखी काही गाड्यांचे एक-दोन दिवस. प्रशासक नाहीत, समिती आहे. सीएनजी भरायला गाड्या दोन किमीवरच्या पंपावर जातात, ते अंतर कुणाचं?

चौथा_गिअर | दुपारी १.५१
सीएनजी आहे हे काल विचारलं होतं... नाही, इंधनाचं विचारायचं राहिलंच माझ्याकडून. जीसीसीत इंधन त्याच्या दरात धरलेलं असतं, त्यामुळे पंपावर जाण्याचं अंतरही त्याचंच, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर.

वेबिल_वाचा | दुपारी २.१५
मग हिशेब असा बसतो. ३८ × १२ × ३० = १३,६८० डेड किमी, देय. पंपाचे ३८ × ४ × ३० = ४,५६०, देय नाहीत. टायरची झीज दोन टक्के धरली तर मीटरमध्ये सुमारे ४,४००. तिन्हींची बेरीज २२,६०० च्या वर जाते आणि तुमची तफावत २३,१०० आहे. देय आकडा २,११,८८० च्या आसपास.

व्हीटीएसची उलट तपासणी: गाड्या प्रत्यक्ष सुमारे २,१६,४४० चालल्या असतील तर रिपोर्टमध्ये १२,७४० कमी आहेत. एक गाडी दिवसाला १९० धरा, ६७ गाडी-दिवस होतात. दोन बंद यंत्रांचेच ६० आले. पहाटेची गळती वेगळी.

हमी_किमी | दुपारी २.३०
@वेबिल_वाचा, हिशेब छान आहे, पण वेबिलाचा आकडा तुम्ही पवित्र मानताय. तिकीट मशीन बंद पडलं की वाहक कागदी तिकिटावर जातो आणि ती फेरी कधी नोंदली जाते, कधी नाही. गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली तरी वेबिलावर फेरी पूर्ण दिसते. ब्रेकडाऊन रजिस्टर शेजारी ठेवून निदान एका आठवड्याची वेबिलं ताडून बघा.

वेबिल_वाचा | दुपारी २.३८
मान्य. एक आठवडा पुरे, पण मूळ प्रत घ्या. वेबिलाच्या डाव्या कोपऱ्यात वाहक गाडी घेताना आणि जमा करताना मीटर लिहितो. तो रकाना कोरा असेल किंवा सगळे आकडे शून्यावर संपत असतील तर ते वेबिल बाजूला काढा, ते अंदाजाने भरलेलं असतं.

कामगार_बाजू | दुपारी ३.०५
तुम्ही सगळे किलोमीटर मोजताय. चालकांचा पगार झालाय का ते विचारा. मंगळवारी गाड्या ठेकेदार बंद करणार की चालक, यावर सगळं अवलंबून आहे. पगार थकला तर मुख्य नियोक्ता म्हणून देण्याची जबाबदारी महापालिकेवर येते, नंतर ठेकेदाराकडून वसूल करता येते. तात्पुरतं देयक देताना अट घाला: बँकेतून पगार जमा झाल्याची यादी आणि भविष्य निर्वाह निधीचं चलन ठरावीक मुदतीत. चलनातली नावं ड्युटी रजिस्टरशी जुळवा, रजिस्टरला ९० आणि चलनात ६० असा प्रकार नेहमीचा आहे.

प्रभारी_परिवहन | रविवार, सकाळी १०.२०
ठेकेदार आणि आगार व्यवस्थापक दोघांना समोर बसवलं. एका आठवड्याच्या फेऱ्या तिघांनी मिळून मोजल्या, १९ फेऱ्यांचा फरक निघाला, त्यातल्या ११ ब्रेकडाऊन. पगार एका महिन्याचा थकलेला आहे. १,९८,२०० च्या तात्पुरत्या देयकावर तो नोटीस मागे घ्यायला तयार आहे, पण पुढे मीटरच धरा म्हणतो. मार्गांची लांबी त्याला मान्य नाही, ती जुन्या रस्त्यांवरून घेतलेली आहे. संयुक्त मोजणी कशी करायची?

यंत्रशाळा | सकाळी १०.४७
एकच गाडी घ्या, चारही बाजूंना नवे टायर, हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाने. आधी बांधकाम विभागाकडून सरळ रस्त्यावर टेपने १ किमी मोजून खुणा करून घ्या, त्यावर गाडी तीनदा चालवून मीटरची चूक किती ते लिहा. मग प्रत्येक मार्गावर तुमचा अभियंता, त्याचा प्रतिनिधी आणि वाहतूक निरीक्षक एकत्र. अप आणि डाऊन वेगळी मोजा. एकेरी रस्ते आणि उड्डाणपुलाखालचं वळण यांमुळे दोन्ही बाजू क्वचितच सारख्या निघतात. रोज पाच-सहा मार्ग होतात. त्याच दिवशी तक्त्यावर तिघांच्या सह्या घ्या.

हमी_किमी | सकाळी ११.०५
तक्ता परिवहन समितीपुढे मंजूर करून कराराला पूरक परिशिष्ट म्हणून जोडा. पुढचं देयक म्हणजे फेऱ्या गुणिले तक्त्यातली लांबी अधिक डेड किमी. रस्ता खणला आणि मार्ग वळवला तर वाहतूक निरीक्षकाने तारखेसह वळणाचा आदेश काढायचा, तोंडी नाही. फेऱ्यांचा ताळा रोज संध्याकाळी करा, महिनाअखेरीस नको.

लेखा_निवृत्त | सकाळी ११.३०
टिपणीला चार जोडपत्रं: तिन्ही आकड्यांचा तुलनात्मक तक्ता, आठवड्याच्या ताळ्याची सही केलेली प्रत, निधीची शिल्लक, पगाराच्या अटीचं ठेकेदाराचं हमीपत्र. लेखा विभागाचा 'कमीत कमी आकडा' हा अभिप्राय टिपणीतून गाळू नका. तो जसाच्या तसा नमूद करा आणि त्याखाली तात्पुरतं देयक त्याच आकड्यावर आहे असं लिहा, म्हणजे त्यांची सही अडणार नाही.

रोजची_प्रवासी | दुपारी १२.१०
आणि ती पहाटेची वायर?

प्रभारी_परिवहन | दुपारी १२.२२
ताई, उद्यापासून रोज चार गाड्या घेतोय, ३८ गाड्यांना दहा दिवस लागतील. तुमचा मार्ग क्रमांक कळवा, त्या गाड्या आधी करतो.