अनुभव धागा: २०२०चा पुढे ढकललेला सीझन आणि आपली कॉन्फरन्स

मिडवेस्टमध्ये शिकलेली, इथेच नोकरीला लागलेली, मुलांना इथल्याच युनिव्हर्सिटीत घातलेली कितीतरी मराठी माणसं कॉलेज फुटबॉलची कट्टर फॅन आहेत. शनिवारी सकाळपासून टीमच्या रंगाचा शर्ट घालून फिरणारी. यावर मराठीत फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा धागा. विषय एकच: ऑगस्ट २०२०मध्ये कोविडमुळे सीझन पुढे ढकलला तेव्हा तुमच्यावर काय गुजरलं, आणि त्यानंतर तुमची निष्ठा कुणाशी उरली?

हा खेळ ज्यांना परका आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. कॉलेजच्या टीम कॉन्फरन्समध्ये विभागलेल्या असतात. वेळापत्रक कॉन्फरन्स ठरवते, टीव्हीचा पैसाही तिच्यामार्फतच येतो. आमची मिडवेस्टची कॉन्फरन्स म्हणजे बिग टेन, १८९६ची. नावात दहा असले तरी २०२०मध्ये तिच्यात १४ युनिव्हर्सिट्या होत्या. ५ ऑगस्टला तिने दहा सामन्यांचं नवं वेळापत्रक जाहीर केलं आणि अवघ्या सहा दिवसांत, ११ ऑगस्टला, सगळंच पुढे ढकललं. जमलं तर वसंतात खेळू, असं सांगितलं. त्याच दिवशी पश्चिमेकडच्या पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्सनेही तेच केलं. एसईसी, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्स मात्र खेळायचंच म्हणून अडून राहिल्या. १६ सप्टेंबरला बिग टेनने निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात खेळ सुरू झाला.

माझं मत आधीच सांगतो. मी ॲन आर्बरचा, मिशिगनचा. पुढे ढकलणं बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. आमच्या युनिव्हर्सिटीचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क श्लिसेल स्वतः इम्युनॉलॉजिस्ट, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे अभ्यासक, होते, त्यांनी काय वाचून मत दिलं असेल याचा मला अंदाज आहे. पण ज्या तऱ्हेने हे आम्हाला कळवलं गेलं त्याने लोकांचा विश्वास गेला. बिग टेनचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, केव्हिन वॉरन यांनी १९ ऑगस्टच्या खुल्या पत्रात लिहिलं की या निर्णयाचा पुनर्विचार होणार नाही. कुठल्या युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांनी कसं मत दिलं ते मात्र सांगितलं नाही. नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी कोर्टात धाव घेतली तेव्हा कुठे बाहेर आलं: ११ विरुद्ध ३. विरोधातले तिघे म्हणजे नेब्रास्का, आयोवा आणि ओहायो स्टेट. हा आकडा पहिल्याच दिवशी कारणांसकट समोर ठेवला असता तर अर्धं भांडण झालंच नसतं.

आता तुम्ही लिहा. भांडा, पण एकमेकांचं वाचून भांडा.

लिंकन, नेब्रास्का

मी लिहिते. आम्ही इथे आलो तेव्हा नेब्रास्का बिग ट्वेल्व्हमध्ये होतं. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी कोलोरॅडोशी मॅच, हे घरातलं पंचांगच होतं. ओक्लाहोमाशी वैर तर त्याहून जुनं. २०११मध्ये बिग टेनमध्ये आलो आणि हे सगळं सुटलं. पैसा भरपूर आला, नाकारत नाही. पण दूरच्या न्यू जर्सीतल्या रटगर्सशी मॅच असली की आमच्या गल्लीत कुणाचं रक्त तापत नाही, हेही खरं.

१० ऑगस्टला कोच स्कॉट फ्रॉस्ट जाहीरपणे म्हणाले की बिग टेन खेळणार नसेल तर आम्ही दुसरीकडे खेळायची वाट शोधू. त्यावर बाकीच्या बिग टेनवाल्यांनी आम्हाला काय काय ऐकवलं! "मग जा निघून." नऊ वर्षं ज्यांच्यासोबत बसलो, त्यांनी एका दिवसात परकं केलं.

हट्ट कशासाठी होता ते स्टेडियमच्या आसपास राहिल्याशिवाय कळायचं नाही. मेमोरियल स्टेडियमची १९६२पासून, २०२० सोडलं तर, एकही मॅच हाऊसफुल्ल झाल्याशिवाय राहिलेली नाही. मॅचच्या दिवशी तिथली गर्दी म्हणजे राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर. आमच्या शेजारच्या आजी त्या दिवशी अंगणात आणि ड्राइव्हवेवर गाड्या लावू देतात. पुठ्ठ्यावर मार्करने भाव लिहिलेला, तो दर वर्षी तोच पुठ्ठा, आकडा तेवढा खोडून वाढवलेला. गाड्या कशा तिरक्या लावल्या की सात मावतात हे त्या काठीने दाखवतात. सीझनभरात जमलेल्या पैशांतून हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल निघतं. त्या वर्षी पुठ्ठा गॅरेजातून बाहेरच आला नाही, कारण ऑक्टोबरात खेळ सुरू झाला तोही प्रेक्षकांविना. म्हणजे हट्ट जिंकूनही आजींच्या हाती काही लागलं नाही, हे मला मान्य करावं लागतं.

आणि एक. विस्कॉन्सिनने साथीमुळे आमच्याशी मॅच रद्द केली तेव्हा आम्ही बिग टेनबाहेरच्या चॅटनूगाच्या टीमला बोलावायची तयारी केली होती. बिग टेनने परवानगी नाकारली. आमची मुलं त्या शनिवारी घरी बसली. कॉन्फरन्सवर प्रेम करा म्हणता, ते कसं करायचं?

सीडर रॅपिड्स, आयोवा

ताई, तुमचं दुःख कळतं. पण मी डॉक्टर आहे, मला दुसरी बाजू मांडू द्या.

१० ऑगस्टला आमच्याकडे डेरेचो नावाचं वादळ आलं. गावातली निम्मी झाडं आडवी, घरात वीज नाही. ११ तारखेची बातमी मी गाडीत बसून, फोन चार्ज करता करता ऐकली. रस्त्यात पडलेल्या ओकच्या फांद्या शेजारी करवतीने कापत होते, आणि त्या आवाजातही दोघंजण फुटबॉलवरच तावातावाने बोलत होते. आयोवाने विरोधात मत दिलं हे नंतर कळलं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

आम्हाला तेव्हा धास्ती होती मायोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या सुजेची. इंडियानाच्या एका नव्या खेळाडूच्या आईने मुलाच्या त्रासाबद्दल जाहीर लिहिलं होतं. सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेटच्याच डॉक्टरांचा अभ्यास आला: कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंचा एमआरआय केला, त्यात चौघांच्या हृदयात सुजेसारख्या खुणा. २६ हा आकडा फार लहान, पण विशीतल्या मुलांच्या हृदयाचा प्रश्न असताना मोठा आकडा येईपर्यंत कोण थांबणार? पुढच्या वर्षी बिग टेनच्या १३ युनिव्हर्सिट्यांची माहिती एकत्र आली, १,५९७ खेळाडूंत ३७ जणांना मायोकार्डायटिस. म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या जरा वर. भीती होती त्यापेक्षा कमी, पण शून्य नाही. आणि त्यातल्या बहुतेकांना काही त्रासच जाणवत नव्हता. एमआरआय केला नसता तर ते तसेच मैदानात उतरले असते.

त्या पाच आठवड्यांत रोजची अँटिजेन चाचणी, पॉझिटिव्ह आलेल्याची हृदयतपासणी, २१ दिवसांच्या आत सामना नाही, हे नियम तयार झाले. मला कॉन्फरन्सचा अभिमान वाटतो तो यासाठी. १४ युनिव्हर्सिट्या एकत्र होत्या म्हणूनच हे जमलं.

आमच्याकडे किनिक स्टेडियमला पहिला क्वार्टर संपला की सगळे वळून शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे हात हलवतात. वरच्या मजल्यावरच्या काचेतून ती मुलं बघत असतात. २०२०मध्ये स्टँड रिकामे होते तरी खेळाडूंनी हात हलवले. खेळ परत सुरू झाला याचा मला आनंदच झाला, हेही लिहून ठेवते.

कोलंबस, ओहायो

खेळाडूंवर सगळे बोलतात. मी बँडवर लिहिणार आहे.

माझी मुलगी ओहायो स्टेटच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची. या बँडमध्ये फक्त पितळी वाद्यं आणि ड्रम. १९३६पासून ते मैदानावर चालत चालत 'ओहायो' हा शब्द काढतात, आणि शेवटी एक सूझाफोनवाला (अंगाभोवती घालायचं मोठं पितळी वाद्य) आयवर टिंब द्यायला डौलात पुढे येतो. एक लाख माणसं उभी राहतात. त्या चालीत गुडघा इतका वर घ्यावा लागतो की उन्हाळाभर पोरं पार्किंग लॉटमध्ये तेच घोटत असतात. २०२० हे तिचं शेवटचं वर्ष होतं. जुलैत ती रोज संध्याकाळी बाहेर जायची, ट्रम्पेट छातीपुढे आडवी धरून गल्लीच्या टोकापर्यंत तशी चालत जायची आणि परत यायची.

ऑगस्टमध्ये आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचं आक्रमण चालवणारा खेळाडू, जस्टिन फील्ड्सने सीझन परत सुरू करा असा ऑनलाइन अर्ज काढला, तीन लाखांच्या वर सह्या झाल्या. खेळाडूंचे आईवडील बिग टेनच्या रोझमाँटच्या ऑफिसबाहेर जाऊन उभे राहिले. मी सही केली. मग सीझन परत आला, पण बँडला स्टेडियममध्ये यायला परवानगी नव्हती. खेळाडूंना एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, खेळायला जादा वर्ष दिलं: २०२० मोजायचंच नाही. बँडच्या मुलांना कुठलं जादा वर्ष? मे महिन्यात पदवी घेतली आणि संपलं.

माझी निष्ठा तेव्हाही ओहायो स्टेटशी होती, आत्ताही आहे. बिग टेनशी? कमिशनरांचा स्वतःचा मुलगा त्या वेळी एसईसीत, मिसिसिपी स्टेटला होता, तिथे खेळ चालू होता. आमच्या बायकांच्या ग्रुपवर हे रोज कुणीतरी लिहायचं. मला त्या मुलाचा राग नाही. पण पत्र लिहिताना वडिलांना आमच्या घरात काय चाललंय ते ठाऊक असायला हवं होतं.

मिशिगनच्या दादांना एक प्रश्न. १९१८पासून आपली मॅच एकदाही चुकली नव्हती. १२ डिसेंबरची तुम्ही रद्द केलीत. खरंच माणसं नव्हती?

ॲन आर्बर (धागाकर्ता)

नव्हती, ताई. आधीच्या आठवड्याची मेरीलँडशी मॅचही रद्द झाली होती. "घाबरून पळाले" हे आम्ही वर्षभर ऐकलं, आणि २०२१मध्ये ४२-२७ने उत्तर दिलं. मुलीबद्दल वाचून मात्र फार वाईट वाटलं. बँडचा विचार आमच्याकडेही कुणी बोलून दाखवला नव्हता.

ब्लूमिंग्टन, इंडियाना

आमच्यासारख्या फुटबॉलमध्ये कायम मागे राहिलेल्यांना विचारा २०२० काय होतं ते! पहिल्याच मॅचला, पेन स्टेटविरुद्ध ओव्हरटाइममध्ये, मायकेल पेनिक्सने आडवा झेपावत बॉल कोपऱ्यातल्या खांबाला लावला. ३६-३५. मी हॉलमध्ये एवढ्याने ओरडलो की वरून आई "काय झालं रे" म्हणत धावत आली. बॉल खांबाला लागला की आधी बाहेर पडला, यावर पेन स्टेटवाले अजून भांडतात. भांडू देत.

पण कॉन्फरन्सची निष्ठा म्हणाल तर माझा घाव वेगळा आहे. कॉन्फरन्सच्या फायनलसाठी किमान सहा सामने हवेत असा नियम बिग टेननेच केला. ओहायो स्टेटचे पाचच झाले. ९ डिसेंबरला नियम काढून टाकला आणि त्यांना इंडियानापोलिसला पाठवलं. ते आमच्याशी ४२-३५ जिंकले होते, चांगली टीम होती, सगळं मान्य. तरी नियम सीझनच्या शेवटच्या आठवड्यात बदलायचा नसतो. आम्ही नियम पाळून खेळलो होतो.

कोलंबस, ओहायो

पाचपैकी पाच जिंकलेल्या टीमला घरी बसवणं न्याय झाला असता का? मेरीलँडची मॅच त्यांच्या आजारपणामुळे गेली, मिशिगनची मिशिगनमुळे.

ब्लूमिंग्टन, इंडियाना

आणि इलिनॉयची तुमच्या स्वतःच्या पॉझिटिव्ह टेस्टमुळे. ती विसरू नका.

बर्मिंगहॅम, अलाबामा

आम्ही २६ सप्टेंबरपासून खेळलो, फक्त एसईसीतल्या टीमशी, दहा सामने. स्टेडियममध्ये साधारण पंचमांश प्रेक्षक. आमच्याच राज्यातले ऑबर्नवाले आणि आम्ही अलाबामावाले इथे एकमेकांचं तोंड बघत नाही, पण जानेवारीत एसईसीतलं कुणीही जिंकलं की "एस-ई-सी" ची घोषणा दोघंही देतो. तसं प्रेम बिग टेनमध्ये मी पाहिलं नाही. देशाच्या फायनलला ओहायो स्टेटला ५२-२४ हरवलं, आमचा तेरावा सामना होता, त्यांचा आठवा. त्या हिशेबाने ते छान खेळले, हे मनापासून म्हणतो.

पुणे

इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत शिकून परत आलो. इथून मॅच बघायची म्हणजे दुपारची असेल तर रात्री साडेनऊला, रात्रीची असेल तर रविवारी पहाटे पाचला. त्या वर्षी आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी ते ज्या समजुतीने स्वीकारलं, ते बघून मला फुटबॉलवाल्यांचा आरडाओरडा खटकत होता. मग डिसेंबरमध्ये इंडियानाशी आमची बकेटची मॅच (जिंकणाऱ्याला जुनी लाकडी बादली मिळते ती) रद्द झाली, नवी तारीख ठरली, तीही रद्द झाली. तेव्हा जीव खरंच कळवळला. ब्लूमिंग्टनचे मित्र वर लिहितायत, त्यांच्या त्या वर्षीच्या टीमने आम्हाला बहुधा धुतलंच असतं. तरी हवी होती.

पुलमन, वॉशिंग्टन

सगळं वाचलं. आम्ही वॉशिंग्टन स्टेटवाले, पॅक-ट्वेल्व्हचे.

आमच्या कॉन्फरन्समधल्या युनिव्हर्सिट्यांच्या अध्यक्षांनी ११ ऑगस्टला एकमताने पुढे ढकललं आणि २४ सप्टेंबरला एकमताने परत सुरू केलं. मध्ये ना कोर्ट, ना कुणी "आम्ही दुसरीकडे जातो" म्हणालं. जंगलं पेटलेली होती, धुराने आकाश पिवळं झालं होतं, कॅलिफोर्निया आणि ऑरेगनमध्ये सरकारचे निर्बंध होते, तरी सगळे एकत्र राहिले. मला त्याचा केवढा अभिमान होता. बिग टेनची भांडणं बघून मी मित्रांना म्हणायचो, कॉन्फरन्स असावी तर आमच्यासारखी.

२०२४मध्ये यूएससी, यूसीएलए, ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. बाकीचेही पांगले. मागे राहिलो आम्ही आणि ऑरेगन स्टेट. जिथे खेळाडूंनी कॉन्फरन्सवरच खटला गुदरला ती कॉन्फरन्स १८ टीमची झाली, आणि जिथे दोन्ही वेळा एकमत झालं ती मोडली. म्हणून लिंकनच्या ताईंना सांगतो, बिग टेनने तुम्हाला चॅटनूगाशी खेळू दिलं नाही याचा राग धरा, पण तुमच्याकडे पुढच्या वर्षीचं वेळापत्रक होतं. आम्हाला ते दारोदार फिरून जुळवावं लागलं.

निष्ठेचं विचाराल तर माझी वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीशी दर वर्षी होणाऱ्या आमच्या मॅचवर, ॲपल कपवर आहे. २०२०मध्ये तो रद्द झाला, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा. ते बिग टेनमध्ये गेले तेव्हा वाटलं, आता गेलाच. पण दोन्ही युनिव्हर्सिट्यांनी बसून ठरवलं की खेळायचं, कॉन्फरन्सबाहेरची मॅच म्हणून, नोव्हेंबरऐवजी सप्टेंबरात का होईना. २०२४ला सिॲटलमध्ये झाला. आम्ही जिंकलो, २४-१९.