क्षमा केली तरी वेदना राहते

'माफ केलं की माणूस मोकळा होतो' हे मत मला अपुरं वाटतं. व्हिएतनामची किम फुक आठवा. ८ जून १९७२ रोजी व्हिएतनाम युद्धात नापाम (अंगाला चिकटून जळणाऱ्या इंधनाच्या) बॉम्बने भाजली तेव्हा ती ९ वर्षांची होती. पुढे १४ महिने इस्पितळ, १७ शस्त्रक्रिया. १९८२ मध्ये सायगावच्या ग्रंथालयात बायबलचा नवा करार हाती लागला आणि ती ख्रिस्ती झाली. शत्रूंसाठी प्रार्थना करणं मात्र फार जड गेलं, असं तीच सांगते. म्हणून कुणाही पीडिताला 'आता सोडून दे' अशी घाई कृपया करू नका. १९९६ मध्ये वॉशिंग्टनला त्या युद्धातल्या माजी अमेरिकी सैनिकांसमोर तिने क्षमेचे शब्द उच्चारले, पण अंगाची वेदना थांबली नव्हती. २०१५ मध्ये तिने मायामीत लेझर उपचार सुरू केले.