मदत हवी आहे: सासूबाईंसाठी घरात घालायला सुती, सैल कपडे (दुकानं बंद)

मृदुला_डों (६ मे २०२०)
कृपया लवकर सांगा. सासूबाईंचे कपड्यांमुळे फार हाल चाललेत. अंगावर लाल चट्टे, रात्रभर खाज, झोप नाही. बरोबर आणलेल्या सगळ्या साड्या सिंथेटिक आहेत. कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे दुकानं बंद आहेत आणि ऑनलाइनवाले कपड्यांची ऑर्डरच घेत नाहीत. सुती काही मिळेल का कुठे? किंवा घरी करता येईल असं काही? गाऊन चालणार नाही.

टाकेदोरे
कुठे राहता? साडी सहावारी की नऊवारी? चट्टे नेमके कुठे आहेत? शिलाई मशीन आहे का? आणि गाऊन कोणाला चालणार नाही, त्यांना की घरच्यांना?

सह्याद्रीकर
डों म्हणजे डोंबिवली असावं. ठाणे जिल्हा रेड झोनमध्ये, म्हणजे कोरोनाचा धोका जास्त असलेल्या जिल्ह्यांत आहे. ४ तारखेपासून नियम थोडे सैल झाले, पण रेड झोनमध्ये ऑनलाइन फक्त जीवनावश्यक वस्तू पोचवता येतात आणि त्यात कपडे येत नाहीत. दारूची दुकानं उघडायला परवानगी देतात आणि म्हाताऱ्या माणसाला एक सुती साडी मिळू नये, याचा मला खरोखर संताप येतो.

निवृत्त_मास्तर
कपडा सुती असो वा नसो, सकाळी आंघोळ करून नीट नेसून बसावं, वेणीफणी करावी. आम्ही दोघं लॉकडाऊन लागल्यापासून हा नेम पाळतो. मी घरात रोज इस्त्रीचा शर्ट घालतो. दिवसभर गाऊनमध्ये राहिलं की मन खचतं. त्याच पायी लोक आजारी पडताहेत.

फुलोरा
मास्तर, त्या बाईंना खाज सुटली आहे, मन खचलेलं नाही. मे महिन्यात मुंबईच्या दमटपणात घाम सुकतच नाही, त्यात सिंथेटिक साडी, खाली परकर, वर ब्लाऊज. इस्त्री कसली करायची?

निवृत्त_मास्तर
मी खाजेबद्दल बोललोच नाही. शिस्तीबद्दल बोललो.

गोदाकाठ
नऊवारी नेसायला सांगा. परकर नको, नाडी नको, हवा खेळती राहते. माझी आजी नव्वदीपर्यंत सुती नऊवारीतच वावरली, घामोळं माहीत नव्हतं.

टाकेदोरे
अहो, ज्यांच्याकडे सुती सहावारी नाही त्या सुती नऊवारी कुठून आणणार? मृदुलाताई, माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग सांगता येईल.

मृदुला_डों
हो, डोंबिवलीतच. त्या वाईला राहतात. मार्चमध्ये भाच्याच्या मुंजीसाठी आठ दिवसांचं सामान घेऊन आल्या. मुंज रद्द झाली आणि मग सगळंच बंद. बॅगेत समारंभाच्या साड्या आणि एक प्रवासाची, बस. सहावारी नेसतात. चट्टे कमरेवर, जिथे परकराची नाडी येते तिथे, आणि छातीखाली. मशीन नाही. गाऊन त्यांनी कधी घातलेला नाही, सासरे आणि माझे मिस्टर समोर असताना घालणार नाही म्हणतात. वन रूम किचन आहे, आत जाऊन बसायला वेगळी खोली नाही.

संध्याछाया
नाडीचा प्रश्न आजच सोडवा. सुती दोरी किंवा गोल नाडी काढून तीन-चार इंच रुंद मऊ पट्टा घाला, जुन्या ओढणीचा चालेल. आणि रोज त्याच जागी बांधायचा नाही, कधी दोन बोटं वर, कधी खाली. वर्षानुवर्षं एकाच जागी काचून कातडी काळी नि जाड होते.

बहुश्रुत
याला मोठा इतिहास आहे. मुंबईचे डॉ. खानोलकर, ज्यांना भारतातील पॅथॉलॉजीचे जनक मानतात, त्यांनी १९४५ साली धोतराच्या गाठीच्या जागी होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. पुढे साडीच्या बाबतीतही तेच दिसून आलं.

फुलोरा
हे आत्ता इथे लिहायची गरज होती का? ते फार दुर्मीळ आहे, वर्षानुवर्षांच्या घर्षणाने आणि न भरणाऱ्या जखमेने होतं. ताई, घाबरू नका.

राहुल_पिंपरी
चट्ट्यांसाठी सोपं सांगतो. मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणा. आम्ही घरात सगळे तीच वापरतो, दोन दिवसांत साफ.

फुलोरा
कृपा करून असलं सांगू नका. या ट्यूबांमध्ये बहुतेक वेळा क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. नायट्यावर ते लावलं की लाली आणि खाज आधी कमी होते, पण बुरशी आत वाढत राहते आणि नंतर दुपटीने पसरते. ताई, चट्टा कडेला उठावदार, खवल्यांचा आणि मध्ये फिकट आहे का? त्यांना मधुमेह आहे का?

मृदुला_डों
हो, मधुमेह आहे, पंधराएक वर्षांपासून गोळ्या चालू आहेत. चट्टे तुम्ही म्हणता तसेच, कडेला लाल रिंगण. मला कपड्याचं हवं होतं म्हणून हे लिहिलं नाही.

फुलोरा
मग हा घामोळ्याचा प्रकार वाटत नाही. नायटा असू शकतो, डॉक्टरांनाच विचारा. दवाखान्यात जायची भीती असेल तर फोनवर किंवा व्हिडिओवर दाखवता येतं, २५ मार्चला टेलिमेडिसिनचे अधिकृत नियम आलेत. उजेडात जवळून फोटो काढून पाठवा, शुगरचा शेवटचा आकडाही सांगा. तोवर जागा कोरडी ठेवा, त्यांचा टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा.

गोदाकाठ
कडुलिंबाचा पाला आंघोळीच्या पाण्यात. शंभर टक्के.

टाकेदोरे
औषधाचं झालं, आता कपड्याचं. गोधडीसाठी जुन्या सुती साड्या बांधून ठेवल्या नाहीत का माळ्यावर? आमच्याकडे प्रत्येक घरात गाठोडं असतं. धुवून मऊ झालेल्या साडीसारखं दुसरं कापड नाही.

साडीतून कफ्तान हाताने शिवता येतो. त्यांची खांद्यापासून घोट्यापर्यंत उंची घ्या. समजा ४८ इंच, तर दुप्पट ९६ आणि दुमडपट्टीला ४, म्हणजे १०० इंच लांब तुकडा. साडेपाच मीटरच्या साडीत दोन होतात. तुकडा मधोमध दुमडा, घडी खांद्यावर येईल. साडीचे काठ दोन्ही बाजूंना राहतात, तिथे दुमडायचं कामच नाही. मधोमध गळा कापा, पुढून सात इंच चीर. मग हातांसाठी वरून दहा इंच सोडून दोन्ही बाजूंना खाली सरळ शिवण घाला. छाती ४२ असेल तर दोन शिवणींत २६ इंच अंतर ठेवा, म्हणजे अंगाला चिकटणार नाही. धावदोरा चालेल, काखेशी मात्र टाका परतवून घ्या, ताण तिथेच येतो. एका दुपारचं काम आहे.

मृदुला_डों
गाठोडं आहे! माझ्या आईच्या साड्या आहेत त्यात. पण डोक्यातून घालायचं त्यांना जमणार नाही, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

टाकेदोरे
हे पहिल्यांदा सांगायचं हो. मग पुढून वरपासून खालपर्यंत कापा, दोन्ही कडा दुमडा आणि कापडाचेच बंद लावा, बाराबंदीला असतात तसे. चार ठिकाणी पुरतात. बटणं नकोत, आखडलेल्या हाताला लावता येत नाहीत. पुढचे पदर एकमेकांवर चार इंच यायला हवेत, म्हणून अंतर २६ ऐवजी ३० धरा.

संध्याछाया
आणि खांद्यावरून सुती पंचा. माझ्या सासूबाई गाऊनवर कायम पंचा घेत, सासऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, कुणासमोरही. त्यांना संकोच कपड्याच्या नावाचा नव्हता, खांदे-छाती झाकण्याचा होता. आधी शिवून समोर ठेवा, आग्रह करू नका.

निवृत्त_मास्तर
पंचा घेऊन नीट बसता येत असेल तर माझी काही हरकत नाही.

राहुल_पिंपरी
उरलेल्या तुकड्यांचे मास्क करा, तीन पदरी. माप हवं असेल तर देतो.

मृदुला_डों (९ मे)
डॉक्टरांना फोटो पाठवले. बुरशीच आहे म्हणाले. स्टिरॉइड नसलेलं मलम दिलं आहे, रिंगणाच्या थोडं बाहेरपर्यंत लावायचं आणि चट्टे गेल्यासारखे दिसले तरी मध्येच थांबवायचं नाही. शुगरही वाढलेली निघाली. पहिला झगा झाला. बंद बांधायला सासूबाईंनी स्वतःच शिकवलं, त्या लहानपणी भावाची बाराबंदी बांधून द्यायच्या. पंचा घेऊन बसतात, काल रात्री झोपल्या. दुसरा शिवायला घेतलाय. टाकेदोरे, धुतल्यावर गळ्याजवळ दोरे निघताहेत, तिथे पट्टी तिरक्या कापडाची लावू की सरळ?

टाकेदोरे
तिरक्याच कापडाची, दीड इंच रुंद. सरळ पट्टी गळ्याच्या गोलाईवर चुण्या धरते.