तातडीने मदत हवी: फ्लॉरेन्समध्ये दुओमोजवळचं हॉटेल, गाडी आत कशी न्यायची?

नीरजा_ठाणे (रविवार, रात्री १०:४०)
शुक्रवारी रोमहून गाडीने फ्लॉरेन्सला येतोय. हॉटेल दुओमोपासून, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चपासून, दोन मिनिटांवर. पैसे भरलेत, रद्द केलं तर एक पैसा परत नाही. जागेला सगळ्यांनी दहापैकी साडेनऊ दिलेत म्हणून घेतलं. आता खालचे अभिप्राय वाचतेय तर एक म्हणतो 'जागा अप्रतिम', दुसरा म्हणतो 'गाडी दारापर्यंत नेली आणि आठ महिन्यांनी दंडाचं पाकीट घरी आलं'. हॉटेलला विचारलं, तर उत्तर एका ओळीचं: गाडीचा नंबर कळवा. भाड्याच्या गाडीचा नंबर मला आत्ता कुठून कळणार? गाडी आत कशी न्यायची तेवढंच सांगा. 'ट्रेनने जा' असं कृपया कुणी लिहू नका, गाडीचेही पैसे भरून झालेत.

ओंकार_स्टुटगार्ट (रात्री ११:०५)
किती वाजता पोचणार? माणसं किती, बॅगा किती? हॉटेल कितव्या मजल्यावर? फ्लॉरेन्सनंतर कुठे? यातलं काहीच लिहिलेलं नाही.
तोवर एवढं समजून घ्या. जुन्या शहराचा जवळजवळ सगळा भाग 'झेडटीएल' म्हणजे मर्यादित वाहतुकीचा पट्टा आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ७:३० ते रात्री ८, शनिवारी ७:३० ते दुपारी ४. उन्हाळ्याच्या मोसमात गुरुवार, शुक्रवार, शनिवार रात्री ११ ते ३ पुन्हा बंद. फाटक नाही, पोलीस नाही, फक्त कॅमेरा. पाटीवर 'आत्तीवा' दिसलं की आपले लोक 'चालू आहे, म्हणजे जा' असं समजतात. अर्थ नेमका उलटा: बंदी चालू आहे. 'नॉन आत्तीवा' असेल तरच जायचं. फोनवरचा नकाशा तुम्हाला खुशाल आत घालेल, त्याच्या भरवशावर राहू नका.

देशपांडे_काका (रात्री ११:१२)
ट्रेनने जा. नको म्हणालात तरी लिहितो. रोम तेर्मिनी ते सांता मारिया नोव्हेला (फ्लॉरेन्सचं मुख्य स्टेशन) दीड तास, आणि स्टेशनपासून दुओमो जेमतेम ८०० मीटर. गाडीने पावणेतीनशे किलोमीटर, टोल, पार्किंग, वर हा झेडटीएलचा व्याप. मध्यवर्ती हॉटेल घ्यायचं आणि गाडीही घ्यायची, हे दोन्ही एकत्र जमत नसतं.

नीरजा_ठाणे (रात्री ११:३०)
काका, वाचलंत ना वर? असो. चार जण, मोठ्या चार बॅगा, दुपारी तीनला पोचू. हॉटेल तिसऱ्या मजल्यावर, 'लिफ्ट उपलब्ध' असं लिहिलंय. तीन रात्री, मग सिएना.

मिलानकर (सोमवार, सकाळी ६:५०)
सगळे उगाच घाबरवतायत. हॉटेलने नंबर मागितला, म्हणजे त्यांना पद्धत माहीत आहे. मध्यवस्तीतल्या हॉटेलांना पाहुण्यांच्या गाडीचा नंबर पालिकेच्या यंत्रणेत नोंदवता येतो. ही परवानगी सामान उतरवण्यापुरती किंवा आतल्या गॅरेजपर्यंत जाण्यापुरती असते, गाडी रस्त्यावर लावून फिरायला जायला नव्हे. रोममध्ये चावी हातात आली की आधी नंबरपाटीचा फोटो काढून हॉटेलला पाठवा. 'नोंदवला' असं लेखी उत्तर येईपर्यंत शहरात शिरू नका, आणि ते उत्तर वर्षभर जपून ठेवा. परदेशी पत्त्यावर नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवस असतात.
नंबर टाइप करण्यात सर्वात जास्त चुका होतात. इटलीची पाटी म्हणजे दोन अक्षरं, तीन अंक, दोन अक्षरं. अक्षरांत आय, ओ, क्यू आणि यू वापरतच नाहीत. त्यामुळे मधला गोल हा शून्य आणि उभी रेघ हा एकाचा आकडा. एक अक्षर चुकलं की कॅमेऱ्याच्या लेखी तुमची गाडी बिनपरवाना.

ओंकार_स्टुटगार्ट (सकाळी ८:१५)
अर्धी माहिती. झेडटीएलची परवानगी म्हणजे पादचारी भागाची परवानगी नव्हे. दुओमोचा चौक २००९ पासून गाड्यांना बंद आहे, भोवतालच्या बऱ्याच गल्ल्याही. 'दोन मिनिटांवर' म्हणजे नेमक्या कुठल्या रस्त्यावर? हॉटेलकडून नंबरच्या नोंदणीसोबत रस्त्यांच्या नावांसकट मार्ग लिहून घ्या: कुठल्या कॅमेऱ्याखालून आत, कुठल्या रस्त्याने बाहेर. एक वळण चुकून दुसऱ्या कॅमेऱ्याखालून गेलात तर दुसरा दंड. प्रत्येक वेळेचा वेगळा, ८० युरोंच्या वर. पाच दिवसांत भरला तर ३० टक्के कमी. शिवाय तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल भाड्याची कंपनी कार्डावरून वेगळे पैसे कापते. तो दंड नव्हे, ते त्यांचं 'सेवाशुल्क'. लोक तेच दंड समजून गप्प बसतात आणि खरी नोटीस नंतर येते.
त्यापेक्षा शहराबाहेर विला कोस्टान्झा पार्किंगला गाडी लावा. ए-१ महामार्गावरूनच थेट आत जाता येतं, टोलनाक्यातून बाहेर पडावंच लागत नाही. तिथून टी-१ ट्रामने वीस-पंचवीस मिनिटांत स्टेशन, तिकीट १.७० युरो. झेडटीएलचा संबंधच नाही.

मिलानकर (सकाळी ८:४०)
चार जण, चार मोठ्या बॅगा, ट्राम, मग दगडी फरशांवरून ८०० मीटर? त्या फरशांच्या सांध्यांत बॅगेची चाकं तुटतात. कागदावर सोपं आहे.

ओंकार_स्टुटगार्ट (सकाळी ८:४४)
स्टेशनबाहेर टॅक्सीचा थांबा आहे. टॅक्सीला झेडटीएल लागू नाही. फक्त रस्त्यात हात करून थांबवायला जाऊ नका, थांब्यावरूनच घ्या किंवा फोन करा.

खादाडराव (सकाळी ९:३०)
शाकाहारी असाल तर सांगून ठेवतो. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, काळा कोबी आणि पांढरा राजमा यांचं घट्ट सार. बहुतेक ठिकाणी शाकाहारी, पण फोडणीत डुकराची चरबी घातली आहे का ते विचारा. पाप्पा अल पोमोदोरो बिनधास्त खा. लाम्प्रेदोत्तो लिहिलेल्या गाडीपासून लांब राहा, ते गाईचं पोट असतं. आणि पार्मेजान चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (वासराच्या पोटातलं विरजण) असतंच, कडक शाकाहारी असाल तर तेही नाही.

नीरजा_ठाणे (सकाळी ९:४१)
आम्ही सगळे मासेखाऊ सीकेपी आहोत. गाडीबद्दल विचारलंय.

विटा_आणि_चुना (सकाळी १०:२०)
गाडीपेक्षा लिफ्टची काळजी करा. 'लिफ्ट उपलब्ध' यावर भिस्त ठेवू नका. तिथली बरीच हॉटेलं म्हणजे जुन्या हवेलीचा एखादा मजला. खालचा मजला शून्य, त्यावर कधीकधी पोटमाळ्यासारखा 'अम्मेत्सातो', मग पहिला. छत चार-पाच मीटर उंच, त्यामुळे त्यांचा तिसरा म्हणजे आपल्या सोसायटीचा पाचवा धरा. जुनं शहर १९८२ पासून जागतिक वारसा आहे, जुन्या इमारतीत जिना फोडून लिफ्ट बसवायला वारसाखात्याची परवानगी लागते. म्हणून लिफ्ट जिथे मावली तिथे असते, दारात नव्हे. हॉटेलला तीन प्रश्न पाठवा: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट कितव्या मजल्यावर सुटते, पिंजऱ्यात माणसं किती आणि किलो किती. जुना पिंजरा तीन जणांचा असतो. त्यात एक माणूस आणि एक मोठी बॅग, बस.
खोली मागताना आतल्या चौकाकडची मागा. रस्त्याकडच्या खोलीला चर्चच्या घंटा, रात्रीची कचऱ्याची गाडी आणि काचेच्या बाटल्या ओतल्याचा आवाज. 'दृश्य सुंदर' आणि 'झोप नाही' हे दोन्ही अभिप्राय बहुधा एकाच खोलीबद्दल असतात.

नीरजा_ठाणे (दुपारी १:०५)
बापरे. बाबांचा गुडघा बदलून पाच महिने झालेत. हॉटेलला तुमचे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे पाठवले.

देशपांडे_काका (दुपारी १:०९)
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, नीरजाताई.

ओंकार_स्टुटगार्ट (दुपारी १:२०)
मग विला कोस्टान्झा मागे घेतो. आधी हॉटेलच्या दाराशी आई-बाबा आणि बॅगा उतरवा, मग गाडी गॅरेजमध्ये. मिलानकर, तुमचं बरोबर, या वेळेपुरतं.
गॅरेज आतलं असेल तर त्यांनाही नंबर नोंदवायला सांगा, हॉटेलच्या नोंदीवर विसंबू नका. स्टेशनाखालचंही एक आहे, पण तिथे पोचायचा रस्ता ठरलेला आहे, भलत्या फाट्याने वळलात तर कॅमेरा.

सह्याद्रीपुत्र (दुपारी २:१५)
दुओमोच्या घुमटावर नक्की चढा! ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये आधाराचा सांगाडा न उभारता बांधलाय. ४६३ पायऱ्या. वेळ आरक्षित केल्याशिवाय सोडत नाहीत.

विटा_आणि_चुना (दुपारी २:१८)
वर गुडघ्याचं वाचलंत का? घंटामनोऱ्यालाही ४१४ पायऱ्या आहेत, लिफ्ट दोन्हीकडे नाही. बाबांसाठी बस १२ किंवा १३ ने पियाझाले मिकेलांजेलो, शहर आणि घुमट तिथून बसल्या जागी दिसतो. उफीझी आणि आकादेमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद, तेव्हा शनिवार-रविवारची तिकिटं आजच घ्या.

जयू_प (दुपारी ३:००)
मला प्रागच्या हॉटेलबद्दल विचारायचं होतं, तिथेही असंच असतं का?

देशपांडे_काका (दुपारी ३:०४)
नवा धागा काढा.

मिलानकर (दुपारी ४:३०)
बाकी राहिलेलं. प्रवासीकर खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो, हॉटेलात वेगळा घेतात. तीन तारे असतील तर माणशी रात्रीला ६ युरो, म्हणजे चार जण तीन रात्री ७२. बारा वर्षांखालच्यांना माफ. पासपोर्ट चौघांचे मागतील. २४ तासांत पोलिसांना कळवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे, तिथे हुज्जत घालू नका.
आणि आयडीपी (आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना) काढलंय ना? भारतीय लायसन्सवर इटलीत ते लागतंच.

नीरजा_ठाणे (संध्याकाळी ६:१०)
आयडीपी नवऱ्याने काढलंय. गाडीचं बुकिंग माझ्या नावावर आहे, कार्डही माझं. चालेल ना?

मिलानकर (संध्याकाळी ६:१४)
नाही चालणार! मुख्य चालक, आयडीपी आणि क्रेडिट कार्ड ही तिन्ही एकाच माणसाच्या नावावर हवीत. काउंटरवर अडवतील आणि 'कागद अपुरे' म्हणून पैसेही परत देणार नाहीत. आजच कंपनीला लिहून मुख्य चालक बदला. कार्ड नवऱ्याच्या नावाचं, डेबिट नको. अनामत रक्कम अडकवून ठेवतात, तेवढी मर्यादा शिल्लक हवी. नाहीतर तुमचं आयडीपी काढा: सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म ४अ, पासपोर्टची प्रत, फी १००० रुपये. निघताय कधी?

नीरजा_ठाणे (संध्याकाळी ६:२०)
बुधवारी रात्री.

देशपांडे_काका (संध्याकाळी ६:२२)
मग आयडीपीच्या भरवशावर राहू नका, चालकच बदला. कंपनीला लिहितच आहात तर गाडी सोमवारी फ्लॉरेन्सलाच घेता येईल का तेही विचारा. तीन दिवस गॅरेजचं भाडं भरून ती नुसती उभीच राहणार आहे, आणि सिएनालाही आत झेडटीएलच. तिथे फोंतेब्रांदाजवळ सांता कातेरीना पार्किंगला लावा, वर गावात जायला सरकते जिने आहेत. फक्त ठरल्या दिवशी रोमच्या काउंटरवर न जाता बसू नका, न कळवता गैरहजर राहिलात की अख्खं बुकिंग रद्द होतं. आधी लेखी बदल, मग ट्रेनचं तिकीट.

चहाबाज (संध्याकाळी ७:००)
खोलीत किटली नसते. आपली छोटी न्या. आपली दोन पिनांची बारीक प्लग तिथे बसते, तीन पिनांची बसत नाही, तेव्हा अ‍ॅडॉप्टर लागेल.

विटा_आणि_चुना (संध्याकाळी ७:०६)
जुन्या इमारतीत किटली लावायला बरीच हॉटेलं मनाई करतात. एका मजल्यावर चार किटल्या लागल्या की फ्यूज उडतो. खाली रिसेप्शनवर गरम पाणी मागा, देतात.

चहाबाज (संध्याकाळी ७:०९)
रिसेप्शनच्या पाण्याला कॉफीचा वास येतो.

नीरजा_ठाणे (रात्री ९:४५)
हॉटेलचं उत्तर आलं. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत २२ पायऱ्या, कठडा एका बाजूला. लिफ्ट तीन माणसांची. चौकाकडची खोली देतो म्हणाले. बॅगा त्यांचा माणूस वर नेईल. बाबा म्हणतात दिवसातून एकदा चढेन, दोनदा नाही. गाडीच्या कंपनीने सोमवारी फ्लॉरेन्स विमानतळावरून द्यायचं मान्य केलं, चालक नवरा, थोडे पैसे वाढले. शुक्रवारची ट्रेनची तिकिटं काढली. काका, काही बोलू नका.

देशपांडे_काका (रात्री ९:५०)
काही बोललो नाही. विमानतळापर्यंत टी-२ ट्राम आहे, पण त्या दिवशी टॅक्सीच करा, बाबांसाठी आणि बॅगांसाठी.

ओंकार_स्टुटगार्ट (रात्री १०:०२)
गाडी ऑटोमॅटिक सांगितली आहे ना? न सांगता देतात ती गिअरची असते.