मदत हवी आहे: पेशवे राजे होते की पंतप्रधान? मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात दर शनिवारी आठवी-नववीच्या मुलांना मी इतिहासातलं काहीतरी सांगते. मागच्या खेपेस एका मुलीने विचारलं, "राज्य पुण्याहून पेशवे चालवायचे, मग साताऱ्याचे छत्रपती काय करायचे?" मी दिलेलं उत्तर माझं मलाच पटलं नाही. येत्या शनिवारी ते नीट द्यायचंय.

'पेशवा' शब्द फारसी, अर्थ पुढारी. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावं मिळाली आणि पेशव्याचा 'मुख्य प्रधान' झाला. तेव्हा मोरोपंत पिंगळे त्या पदावर होते. म्हणजे आठांतला पहिला, पण राजाने नेमलेला. राजाराम महाराजांनी जिंजीला 'प्रतिनिधी' हे पद काढलं, ते तर पेशव्याच्याही वरचं!

शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली. १७२० मध्ये ते गेल्यावर एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना मसूरला वस्त्रं मिळाली आणि पद त्या घरात राहिलं. शाहू महाराज १७४९ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि कारभार पुण्याला आला.

तरीही वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे होते, तरी त्यांच्यासाठीसुद्धा ती आणावी लागली. मला सगळ्यात बोलका वाटतो तो शिक्का: 'श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान'. आधी राजाचं नाव, मग स्वतःचं.

आपला 'पंतप्रधान' हा शब्दही तिथलाच. भोरचे पंत सचिव, औंधचे पंत प्रतिनिधी, बावड्याचे पंत अमात्य, तसे हे पंत प्रधान. हिंदीत प्रधानमंत्री म्हणतात, आपण अजून पेशव्यांचा किताब वापरतो हे कळल्यावर मुलं नक्की चमकतील.

आता अडचण. सत्ता पेशव्यांकडे गेली ती १७२० ला म्हणायची की १७५० ला? माझा कल १७५० कडे आहे, कारण शाहू महाराज असेपर्यंत शेवटचा शब्द त्यांचाच होता. जाणकारांना हे पटतं का? आणि कुणाकडे शिक्का उमटलेल्या पत्राचा स्पष्ट फोटो असेल तर कृपया इथे टाका. पत्र मोडीत असलं तरी शिक्क्यातली अक्षरं बाळबोध असतात, तेवढी मुलांना स्वतः वाचू द्यायची आहेत.